ई-एमटीबीची ड्राइव्हट्रेन बदलताय? चेन, कॅसेट, डिरेलर निवडण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी थांबलं की कुणी ना कुणी इलेक्ट्रिक माउंटन बाईकवाला (ई-एमटीबीवाला) भेटतोच, आणि बोलणं फिरून तिथेच येतं की चेन उडते, गिअर पडत नाही, कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा गठ्ठा) संपली, आता कुठली टाकू. मी स्वतः मधल्या मोटरची सायकल चालवतो, पार्ट घरीच बदलतो, आणि सुरुवातीला चुकीचे पार्ट घेऊन बरेच पैसे घालवलेत. तेच तेच प्रश्न येतात म्हणून ड्राइव्हट्रेनची, म्हणजे चेन, चकत्या आणि गिअर बदलणाऱ्या पार्टची, सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय.

सुरुवात कुठून करू? आधी कॅसेट बघू की डिरेलर?

दोन्ही नाही. (डिरेलर म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा पार्ट.) आधी खाली वाकून मोटर कुठे आहे ते बघा. पॅडलपाशी, क्रँकच्या (पॅडल ज्यांवर बसतात त्या दांड्यांच्या) मध्ये असेल तर ती मिड-ड्राइव्ह, आणि मागच्या चाकाच्या मधोमध डबा असेल तर हब मोटर. उत्तराला इथेच दोन फाटे फुटतात, कारण मिड-ड्राइव्हमध्ये मोटरची सगळी ताकद चेनमधून जाते आणि हब मोटरमध्ये ती थेट चाकाला मिळते, चेनवर फक्त तुमच्या पायांचा जोर येतो. आपल्याकडे दुकानात ई-एमटीबी म्हणून ज्या सायकली मिळतात त्यातल्या बहुतेक मागच्या हब मोटरच्याच असतात आणि त्यांचे मालक परदेशातल्या मिड-ड्राइव्हवाल्यांचे व्हिडिओ बघून महागडी ई-बाईक चेन मागवतात, ज्याची त्यांना काही गरज नसते. साधी चांगली चेन लावा, पैसे ब्रेक पॅडला ठेवा.

खालचे बहुतेक प्रश्न मिड-ड्राइव्हचे आहेत. हबवाल्यांसाठी वेगळं उत्तर शेवटाकडे लिहिलंय.

मोटरमुळे चेनवर खरंच इतका फरक पडतो का? साध्या सायकलवरही आपण जोर लावतोच की.

पडतो, आणि हे आकड्यात बघितलं की लगेच पटतं. बॉशची चौथ्या पिढीची परफॉर्मन्स लाइन सीएक्स मोटर घ्या किंवा शिमानोची ईपी८, दोन्हींचा कमाल टॉर्क (फिरवायची ताकद) ८५ न्यूटन मीटर. पुढे ३४ दातांची चेनरिंग (पॅडलपाशी असलेली दातेरी चकती) असेल तर तिची त्रिज्या साधारण ६९ मिलीमीटर येते. म्हणजे मोटर एकटी चेनला जवळपास १२५ किलो वजन टांगल्यासारखी ओढते. आता ७० किलोचा माणूस १७० मिमीच्या क्रँकवर, पॅडल आडवं असताना, उभा राहिला तर त्याच्या बाजूने आणखी साधारण १७० किलो. दोन्ही मिळून ३०० किलोच्या आसपास, आणि ते जातं कशातून तर पाच-साडेपाच मिलीमीटर रुंदीच्या चेनमधून.

साध्या सायकलवर तुम्ही असा जोर चार-पाच सेकंद लावता, मग दम लागतो आणि पाय आपोआप सैल पडतात. मोटरला दम लागत नाही. चढ संपेपर्यंत ती ओढतच राहते, गिअर बदलतानाही ओढते, आणि खरं नुकसान तिथे होतं. वर सायकलच मुळात २२ ते २५ किलोची असते.

अजून एक गोष्ट या हिशोबातून कळते. पुढची चेनरिंग जितकी छोटी तितका चेनवरचा ताण जास्त. ३४ वरून ३२ वर गेलात तर तोच टॉर्क कमी त्रिज्येवरून ओढला जातो, मोटरचा वाटा १२५ वरून १३४ किलोवर जातो. त्यामुळे चढ सोपा करायचा म्हणून डोळे झाकून पुढे छोटी रिंग टाकू नका, मागची कॅसेट पुरत असेल तर ३४ च ठेवा.

१२-स्पीड आहे, तीच ठेवू की कमी गिअरवर येऊ? कमी गिअर म्हणजे डाउनग्रेड नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझं मत स्पष्ट आहे: पूर्ण ताकदीच्या मोटरला ९, १० किंवा ११ गिअर भरपूर होतात, आणि याला डाउनग्रेड म्हणणं बरोबर नाही.

जास्त गिअर कशासाठी असतात ते बघा. पायांच्या ताकदीवर चालणाऱ्याला कॅडन्स (मिनिटाला किती वेळा पॅडल फिरतं ते) जरा जरी बिघडला तरी त्रास होतो म्हणून दोन गिअरमधलं अंतर कमी लागतं. मोटर असली की ते अंतर ती भरून काढते. उलट बारा चकत्या त्याच जागेत बसवायच्या म्हणजे चकत्या पातळ, चेन अरुंद, आणि केबल जराशी ताणली की गिअर दोन चकत्यांच्या मध्ये लटकतो. शिवाय ई-बाईकवर एक-एक गिअर बदलून समाधान होत नाही, आपण दोन-तीन गिअर एकदम टाकतो, तेही जोर चालू असताना, आणि मग खटाक.

स्रॅम या कंपनीने २०१६ मध्ये ईएक्स१ नावाचा ग्रुप (गिअरच्या पार्टचा संच) खास ई-एमटीबीसाठी काढला होता, फक्त ८ गिअर, ११ पासून ४८ दातांपर्यंत, मधल्या उड्या मोठ्या, आणि शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) असा की एका दाबात एकच गिअर पडणार. तो फार पसरला नाही पण त्यातला विचार अगदी बरोबर होता. पुढे २०२१ मध्ये शिमानोने लिंकग्लाइड आणलं, तेही त्याच दिशेचं.

एक अपवाद. हलक्या ई-एमटीबी असतात, टीक्यूची एचपीआर५० किंवा स्पेशलाइज्डची एसएल १.२ मोटर असलेल्या, त्यांचा टॉर्क ५० न्यूटन मीटर आहे. त्यांच्यावर ताण बराच कमी, सायकल हलकी, पायांचा वाटा मोठा, त्यामुळे तिथे १२-स्पीड शोभते आणि टिकतेही.

लिंकग्लाइड, लिंकग्लाइड सगळे म्हणतात. आहे काय ते?

शिमानोच्या नेहमीच्या कॅसेटला हायपरग्लाइड म्हणतात. लिंकग्लाइडमध्ये चकतीचे दात जाड आणि उंच केलेत, चेन एका चकतीवरून दुसरीवर चढायचा रस्ता वेगळा कापलाय, त्यामुळे गिअर एखाद-दुसरा क्षण उशिरा पडतो पण जोरात असतानाही झटका न देता पडतो. कंपनीचा दावा हायपरग्लाइडच्या तिप्पट टिकण्याचा आहे. माझ्या सायकलवर ११-स्पीड लिंकग्लाइड आहे, ११-५० ची कॅसेट, आणि तिप्पट का ते मी मोजून सांगू शकत नाही पण आधीच्या १२-स्पीडवर जितक्या अंतरात ११ आणि १३ चे दात टोकदार झाले होते तितकं अंतर कधीच मागे पडलं आणि दात अजून चौकोनी आहेत.

२०२३ मध्ये शिमानोने क्यूज नावाची मालिका काढली, ९, १० आणि ११-स्पीड, सगळी लिंकग्लाइडवर. आपल्यासाठी चांगली बाब ही की तिघांतही दोन चकत्यांमधलं अंतर सारखंच आणि चेनही तीच ११-स्पीडची. आणि ही कॅसेट जुन्या साध्या एचजी मापाच्या फ्रीहबवर (मागच्या चाकावरचा, कॅसेट ज्यावर बसते तो भाग) बसते, म्हणजे चाक बदलावं लागत नाही.

पण लक्षात ठेवा, लिंकग्लाइडचा शिफ्टर आणि डिरेलर जुन्या हायपरग्लाइडच्या शिफ्टर-डिरेलरशी जुळत नाहीत, केबल ओढायचं माप वेगळं आहे. शिफ्टर, डिरेलर, कॅसेट तिन्ही एकदम घ्यायचे. नुसती कॅसेट आणून जुन्या ११-स्पीड डिरेलरवर चालवायचा प्रयत्न एका मित्राने केला, दोन रविवार ट्यूनिंगमध्ये गेले आणि शेवटी बाकीचे दोन्ही पार्ट घ्यावेच लागले.

दुसरे पर्याय?

मायक्रोशिफ्टचं अॅडव्हेंट एक्स, १०-स्पीड, ११-४८. स्वस्त, साधं, एचजी फ्रीहबवर बसतं. त्यांचंच अॅडव्हेंट ९-स्पीडमध्ये आहे. बॉक्सचं प्राइम ९ म्हणजे ९ गिअरमध्ये थेट ११-५०, ई-बाईकसाठी एका दाबात एकच गिअर पडणारा शिफ्टरही त्यात मिळतो. या सगळ्यांची अट तीच, शिफ्टर आणि डिरेलर एकाच घरचे हवेत. भारतात मिळतंय का, आणि मुख्य म्हणजे सहा महिन्यांनी स्पेअर मिळेल का, हे आधी विचारा. मी तरी ज्याची चेन आणि कॅसेट पुण्यात मिळते तेच निवडीन, कागदावर दुसरं कितीही चांगलं असलं तरी.

मला १२-स्पीडच ठेवायचीय. मग निदान काय बघू?

हरकत नाही. मग वजनाचा मोह सोडा आणि स्टील बघा. शिमानोत डिओरची १२-स्पीड कॅसेट, १०-५१, पूर्ण स्टीलची आहे, वजन ६०० ग्रॅमच्या जवळ. त्याहून महागड्या एक्सटीमध्ये वरच्या दोन मोठ्या चकत्या अॅल्युमिनियमच्या, वजन ४७० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे जास्तीचे पैसे तुम्ही सव्वाशे ग्रॅम कमी करायला देता, तेही २३ किलोच्या सायकलवर. झिजतात त्या छोट्या चकत्या दोन्हींत स्टीलच्याच आहेत, आणि अॅल्युमिनियमची मोठी चकती मात्र मोटर लावून चढ चढताना लवकर खाल्ली जाते. मागच्या चाकावरचं वजन कमी झालं की फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेली सायकल) जरा छान चालतं हे खरं आहे, पण ज्याला ते जाणवतं तो हा प्रश्न विचारत नसतो.

स्रॅमकडे एनएक्स ईगलची कॅसेट ११-५० आहे, साध्या एचजी फ्रीहबवर बसते, जड आहे, ई-बाईकला चालते. जीएक्स ईगलपासून पुढे १०-५२ हवी असेल तर एक्सडी ड्रायव्हर लागतो, आणि शिमानोच्या १०-५१ ला मायक्रो स्प्लाइन. हे दोन्ही वेगळ्या मापाचे फ्रीहब, म्हणजे कॅसेटच्या आधी फ्रीहबची बॉडी बदलायचा खर्च धरा.

१० दातांची चकती हवीच ना, स्पीडसाठी?

थोडं गणित करू. २९ इंची चाकाचा घेर साधारण २.३ मीटर. पुढे ३४ दात, मिनिटाला ७५ पॅडल, आणि २५ किमी प्रतितास, जिथे मोटर मदत थांबवते. तेव्हा तुम्ही मागे असता १४ दातांच्या आसपास! ११ च्या चकतीवर त्याच कॅडन्सला वेग ३२ होतो, १० वर ३५. म्हणजे मोटरची मदत असताना १० ची चकती जवळजवळ वापरलीच जात नाही, ती उतारावर पॅडल मारायला. तेवढ्यासाठी नवा फ्रीहब घ्यावा असं मला वाटत नाही.

खालच्या बाजूला बघा, ३४ पुढे आणि ५० मागे, कॅडन्स ७० धरला तर वेग साडेसहा किमी. ४६ मागे असेल तर सात. ४२ असेल तर पावणेआठ. मोटर लावून सात किमीच्या खाली जाणारा चढ म्हणजे तोल सांभाळायचीच कसोटी असते. म्हणून ४६ किंवा ४८ पुरतं, पण मला ५० आवडते कारण दगडी चढावर मध्येच थांबून पुन्हा सुटायला ती कामाला येते.

चेन कुठली? ई-बाईकची म्हणून वेगळी घ्यावी का?

मिड-ड्राइव्हला घ्यावी. केएमसीची ई८ पासून ई१२ पर्यंतची मालिका आहे, आकडा म्हणजे तुमचे गिअर. शिमानोची ११-स्पीड असेल तर लिंकग्लाइडची एलजी५०० घ्या. पोकळ पिनची किंवा भोकं पाडून हलकी केलेली चेन मोटरला लावू नका, बाकी रंगबिंग काय हवा तो घ्या.

लांबी नीट बघून घ्या. मोठी कॅसेट आणि लांब चेनस्टे (पॅडलपासून मागच्या चाकापर्यंतची फ्रेमची नळी) असल्यामुळे ई-बाईकला पुष्कळदा ११४ किंवा ११६ कड्यांची चेन अपुरी पडते, मोठ्या पाकिटाची घ्या आणि कापा. फुल सस्पेन्शन असेल तर मागच्या शॉकमधली हवा सोडून, मागचं चाक पूर्ण दाबलेलं असताना माप घ्या, कारण सस्पेन्शन दबलं की मागचं एक्सल मोटरपासून लांब जातं. उभ्या सायकलवर मापून कापलेली चेन पहिल्या मोठ्या खड्ड्यात डिरेलरसकट हँगर (डिरेलर फ्रेमला धरून ठेवणारा छोटा तुकडा) तोडते. हे माझ्याबरोबर ताम्हिणीच्या अलीकडे झालंय आणि तिथून सायकल ढकलत आणणं म्हणजे काय ते २४ किलोची सायकल ढकलल्यावरच कळतं.

क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) गिअरनुसार वेगळी असते. शिमानो आणि स्रॅमच्या १२-स्पीडच्या लिंक एकदाच वापरायच्या म्हणून सांगितलेल्या आहेत, उघडली की नवी लावा. केएमसीच्या काही पुन्हा वापरता येतात, पाकिटावर लिहिलेलं असतं. एक जास्तीची कायम बॅगेत.

चेन कधी बदलायची? मेकॅनिक म्हणतो अजून चालेल.

चालेल तर खरी, पण सोबत कॅसेट घेऊन जाईल. चेनच्या पिना आणि आतली नळी झिजली की प्रत्येक कडीचं अंतर वाढतं, मग ती दाताच्या बुडाशी न बसता वर चढून बसते आणि दात खेचून टोकदार करते. ११ आणि १२-स्पीडला ०.५ टक्के झीज झाली की बदला, १० आणि त्याखालच्यांना ०.७५ पर्यंत.

चेन चेकर नसेल तर स्टीलची पट्टी घ्या. अर्ध्या इंचाच्या २४ कड्या म्हणजे नव्या चेनला बरोबर ३०४.८ मिमी, पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत. ३०६.३ झालं की ०.५ टक्के, ३०७.१ म्हणजे ०.७५. चेन ताणलेली हवी, पॅडलवर हलका हात ठेवून मापा. मी दर दोन आठवड्यांनी बघतो आणि पावसाळ्यात दर आठवड्याला, कारण आपल्याकडची चिकणमाती तेलात मिसळली की ती पॉलिश पेपरसारखं काम करते, कोकणात जांभ्याच्या लाल मातीतून आलात तर विचारूच नका. त्याच दिवशी पाणी मारून, पुसून, सुकवून तेल. हे मनापासून सांगतो, कुठल्याही अपग्रेडपेक्षा यानेच जास्त पैसे वाचलेत.

नवी चेन टाकली तर आता जास्तच उडते!

कॅसेट गेलेली आहे. नवी चेन झिजलेल्या दातांवर बसत नाही. बहुतेक वेळा ११, १३, १५ या छोट्या चकत्यांवरच उडते, आणि त्याचं कारण वरच्या गणितात आहे, सपाट रस्त्यावर २५ च्या आसपास तुम्ही सतत तिथेच असता. शिवाय ११ दातांच्या चकतीवर एका वेळी पाच-सहा दातच चेन धरून असतात, ५० वर पंचवीसेक. तोच भार पाच जणांनी उचलायचा की पंचवीस जणांनी, असं आहे ते.

काही कॅसेटमध्ये छोट्या चकत्या सुट्या असतात आणि वेगळ्या मिळतात. मिळाल्या तर तेवढ्याच बदला, अख्खी कॅसेट फेकू नका.

चेनरिंगमध्ये काय बघायचं?

स्टीलची घ्या, नॅरो-वाइड दातांची, म्हणजे एक दात बारीक एक जाड असे, त्याने चेन उतरत नाही. मोटरनुसार बसवायची पद्धत वेगळी असते, बॉशची शिमानोला बसत नाही आणि बॉशमध्येही पिढ्या वेगळ्या. बॉशच्या दुसऱ्या पिढीत पुढे १५-१६ दातांची छोटीशी चेनरिंग असायची आणि पॅडल एकदा फिरलं की ती अडीच वेळा फिरायची, त्यामुळे ती १५ म्हणजे साधारण ३७-३८ सारखी चालते. चौथ्या पिढीपासून नेहमीच्या मापाची रिंग आली. जुनी सायकल वापरलेली घेतली असेल तर हे बघूनच ऑर्डर करा.

चेनलाइन म्हणजे सायकलच्या मध्यापासून चेनरिंगपर्यंतचं अंतर. जुनी रिंग काढायच्या आधी मोजून लिहून ठेवा, नवी तेवढ्याच अंतरावर बसली पाहिजे. दोन-तीन मिमी बाहेर गेली की ५० च्या चकतीवर चेन तिरकी चालते, आवाज करते, आणि चढावर आपण त्याच चकतीवर असतो.

बाफांगचं मोटर किट बसवलंय साध्या एमटीबीला. त्याचं काय?

बीबीएस०२ किंवा बीबीएसएचडी ही मिड-ड्राइव्ह मोटर असेल तर तुमच्या ड्राइव्हट्रेनवर सगळ्यात जास्त अन्याय होतो, बीबीएसएचडी तर १६० न्यूटन मीटरची आहे. सोबत ४४-४६ दातांची मोठी चेनरिंग येते, चढावर ती नको असते. ४२ ची आत वाकवलेली रिंग मिळते, ती मोटरच्या गिअरबॉक्सच्या डब्यावर चढून बसते आणि चेनलाइन सुधारते. त्याहून लहान घेतली तर ती डब्यावरून आत जाऊ शकत नाही, बाहेरच राहते, आणि चेनलाइन परत बिघडते. म्हणून ४२ वर थांबा.

दुसरं, गिअर सेन्सर लावा. केबलमध्ये बसणारा छोटा डबा असतो, गिअर बदलायला केबल हलली की क्षणभर मोटर बंद करतो. या किटमध्ये टॉर्क सेन्सर (पायांचा जोर ओळखणारा) नसतो, त्यामुळे पाय सैल सोडले तरी मोटर ओढतच असते आणि गिअर त्या ओढीतच पडतो. हा सेन्सर कॅसेटपेक्षा आधी घ्या. मागे ८ किंवा ९-स्पीड स्टील कॅसेट ठेवा. शिमानोचे ७, ८, ९-स्पीडचे मागचे डिरेलर आपसात चालतात, त्यामुळे ८ वरून ९ वर जाताना शिफ्टर, कॅसेट आणि चेन बदलून भागतं.

फ्रीहब आणि हब बदलावे लागतात का?

सुट्या चकत्यांची स्टील कॅसेट अॅल्युमिनियमच्या एचजी बॉडीवर बसवली की चकत्या त्यात रुततात, मोटर असली तर खोलवर, आणि मग कॅसेट निघता निघत नाही. शक्य असेल तर स्टीलची फ्रीहब बॉडी घ्या. डीटी स्विसच्या हायब्रिड हबमध्ये स्टीलची बॉडी आणि २४ दातांचा रॅचेट (पॅडल मारलं की चाकाला पकडणारा भाग) याचसाठी देतात. खूप बारीक दातांचे, पटकन पकडणारे हब ऐकायला भारी वाटतात पण मोटरच्या झटक्याला मोठे आणि कमी दात बरे.

डिरेलर आणि हँगर?

क्लच (खड्ड्यात चेन उडू न देणारी पकड) असलेला घ्या, पिंजरा (डिरेलरचा खालचा लोंबता भाग) लांब, आणि सगळ्यात मोठी किती दातांची चकती झेलतो ते बघा. हँगर सरळ आहे का हे नवा डिरेलर लावायच्या आधी मापून घ्या, जरासा वाकलेला हँगर असेल तर जगातला कुठलाही डिरेलर ट्यून होणार नाही. एक सुटा हँगर आजच मागवून ठेवा.

फ्रेमला यूडीएच (वेगवेगळ्या कंपन्यांच्या फ्रेमला चालणारा एकाच मापाचा) हँगर असेल तर स्रॅमच्या ट्रान्समिशन नावाच्या ड्राइव्हट्रेनचा पर्याय उघडतो, जो २०२३ मध्ये आला, त्यात हँगरच नसतो, डिरेलर थेट फ्रेमला आणि एक्सलला पकडतो. जोर चालू असताना गिअर टाकायलाच तो बनवलाय आणि ते काम छान करतो. आधी सगळा वायरलेस होता, २०२५ मध्ये ईगल ७० आणि ९० हे केबलवाले आले. महाग आहे, आणि सगळी ड्राइव्हट्रेन एकदम बदलावी लागते.

इलेक्ट्रॉनिक गिअर घ्यावेत का?

शिमानोची ईपी८०१ किंवा ईपी६ मोटर असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर डीआय२ (शिमानोचे इलेक्ट्रॉनिक गिअर) मध्ये मजा आहे, चार्जिंगची कटकट नाही कारण वीज मोटरच्या बॅटरीतूनच येते, आणि पॅडल न मारताही गिअर पडतो. ११-स्पीड लिंकग्लाइडमध्येही येतो, मी घेतला तर तोच घेईन. बाकीच्यांनी शांतपणे केबल वापरा.

मग गिअरबॉक्स?

पिनियन या कंपनीने २०२३ मध्ये मोटर आणि गिअरबॉक्स एकाच डब्यात आणला, सुंदर काम आहे, पण त्याला त्याचीच फ्रेम लागते. म्हणजे तो अपग्रेड नाही, नवी सायकल आहे.

माझी मागच्या हब मोटरची आहे, ७-स्पीड. चढावर त्रास होतो, मोठी कॅसेट टाकू का?

आधी बघा की कॅसेट आहे की फ्रीव्हील. बहुतेक हब मोटरवर आट्यांवर फिरवून बसणारं फ्रीव्हील असतं, त्यावर कॅसेट बसतच नाही. १४-२८ असेल तर १४-३४ चं फ्रीव्हील घ्या, ७-स्पीडच ठेवा, डिरेलर ३४ झेलतो का तेवढं विचारा. ८ किंवा ९-स्पीडचं फ्रीव्हील रुंद असतं, फ्रेमला घासतं, मग वॉशर टाका, चाक पुन्हा मध्यावर आणा, हे सगळं वाढत जातं.

आणि एक गोष्ट जी विकताना कुणी सांगत नाही: हब मोटरला तुमच्या गिअरचा काही उपयोग होत नाही. तुम्ही हलका गिअर टाकला की पायांना सोपं जातं, मोटर मात्र चाकाच्याच वेगाने फिरते. सिंहगडासारख्या चढावर वेग सात-आठवर आला की ती तिच्या सोयीच्या वेगाच्या कितीतरी खाली असते, वीज उष्णतेत जाते आणि मोटर तापते. त्यामुळे हलका गिअर घ्यायचा तो पायांनी जास्त वाटा उचलून वेग टिकवण्यासाठी. हात लावून बघा, डबा चटका देत असेल तर थांबा, पाणी प्या, तिला पंधरा मिनिटं द्या.

सगळं एकदम परवडत नाही. कुठल्या क्रमाने बदलू?

चेन चेकर आणि चेन. मग केबल आणि आउटर (केबलवरचं आवरण), हे लोक विसरतात आणि निम्म्या वेळा गिअर न पडायचं कारण गंजलेला आउटर असतो. मग कॅसेट संपेपर्यंत थांबा. ती संपली की त्याच वेळी लिंकग्लाइड किंवा दुसऱ्या कशावर जायचं ते ठरवा, म्हणजे शिफ्टर, डिरेलर, कॅसेट, चेन एकाच वेळी येतील आणि चांगला पार्ट अर्धवट फेकावा लागणार नाही. चेनरिंग साधारण दोन-तीन चेन काढते, दात वाकडे दिसले की बदला.

गिअर टाकायची काही पद्धत?

चढ सुरू व्हायच्या आधी टाका. मध्येच टाकावा लागला तर आधी दोन पॅडल जरा जोरात मारून वेग घ्या, मग अर्धा फेरा पाय सैल सोडा आणि त्या अर्ध्या फेऱ्यात एकच गिअर. टॉर्क सेन्सरची मोटर तुमच्याबरोबर सैल पडते. टर्बोवर (सगळ्यात जास्त मदतीच्या मोडवर) असाल तर एक मोड खाली या. आठवड्याभरात पायांना सवय होते.

काढलेली जुनी चेन आणि कॅसेट टाकून देऊ?

एकमेकांबरोबर झिजलेली जोडी असेल तर टाकू नका. ती एकमेकांवर बऱ्यापैकी चालते, फक्त नव्या पार्टमध्ये मिसळायची नाही. मी तसली एक जोडी धुऊन, तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवतो, आणि जूनमध्ये चिखल सुरू झाला की नवी काढून ती लावतो. घरात जुनं मागचं चाक पडलेलं असेल तर कॅसेट त्यावरच बसवून ठेवा, फ्रीहब तोच असला म्हणजे झालं, मग बदलायला वीस मिनिटं पुरतात.